घेतले सगळे, आता जेव

ता. १२ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळ

चि. थोरलीस तुझ्या आईचे ओंजळभर आशीर्वाद.

पत्र हातात आलं असेल तर आधी चष्मा शोध. कपाळावर बघ. तिथे नसेल तर फ्रिजमध्ये बघ, लोण्याच्या डब्याशेजारी. मागच्या खेपेला तिथेच निघाला होता. सख्ख्या नणंदेचं चष्म्याचं दुकान आहे म्हणून तू इतकी निर्धास्त विसरतेस, हे मला ठाऊक आहे. आणि चष्मा सापडेपर्यंत जावईबापूंकडून वाचून घेऊ नकोस. ते मधल्या ओळी गाळतात आणि वर सांगतात, बाकी विशेष काही नाही.

तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे थंडी ओसरली. मांजर शिंपीणबाईंकडे जेवतंय. ते का, ते पुढे येईल.

अक्षर बघून दचकू नकोस. नेहमी शिंपीणबाई लिहितात, आज नवी शेजारीण लिहिते आहे. पूर्वी शाळेत मास्तरीण होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण दुसऱ्याच्या चुका काढायच्या सवयीला अजून निवृत्ती मिळालेली नाही. मी सांगायला लागले तर विचारतात, "असंच लिहू की नीट लिहू?" मी म्हटलं, असंच लिहा बाई. नीट लिहिलंत तर लेकीला वाटेल, हे दुसऱ्याच कुणाच्या आईचं पत्र आलंय.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलतेस. "आई, थांब, आधी मला सांग" म्हणतेस आणि मग सांगू देत नाहीस. पत्राच्या मध्ये कुणाला बोलता येत नाही. मला पत्राची तेवढीच एक गोष्ट आवडते. बाकी ती अक्षरं म्हणजे कागदावर मुंग्यांची रांग निघाल्यासारखी दिसतात.

मुंग्यांवरून आठवलं. आठवलं कसलं, सकाळपासून दुसरं काही डोक्यात नाहीच. आपल्या मुंगीने आज काय केलं ते सांगण्यासाठी तर हा सगळा खटाटोप. पण ते आत्ता सांगणार नाही. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस आणि पिशवी भरायला लागशील. क्रमाने सांगते, आणि तूही क्रमानेच वाच. शेवटच्या पानावर उडी मारायची नाही.

मास्तरीणबाई विचारताहेत, एवढ्या मोठ्या पोरीला मुंगी का म्हणता. म्हटलं, माझी नात रांगायला लागली तेव्हापासून स्वतःपेक्षा मोठी उशी ओढत घरभर फिरायची, म्हणून मुंगी. मोठी झाल्यावर सिस्टर झाली आणि स्वतःपेक्षा मोठी माणसं उचलायला लागली. नाव बदलायची वेळच आली नाही.

तर तुझ्या मागच्या पत्रातला प्रश्न. मी विसरलेले नाही. विसरणं हा आपल्या घरात तुझा प्रांत. नणंदबाईंना महिनाअखेर उत्तर हवंय, मुंगी इस्पितळ सोडून त्यांच्या दुकानात येणार की नाही. गादीची खुर्ची, गार हवा, संध्याकाळी वेळेवर कुलूप, आणि येणाऱ्या माणसाला फार तर कमी दिसत असतं, मरत कुणी नसतं. त्यात वाईट काय आहे, असं तू विचारलंस. काहीच वाईट नाही. मीसुद्धा गेले असते, पण भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं मला चष्मा लावून आणि चष्मा काढून सारखीच दिसतात. गिऱ्हाईक बिथरेल.

तू इतकी का घाबरली आहेस ते मला कळतं. तू आलीस तेव्हा मुंगी नुसती झोपून होती. भिंतीकडे तोंड, हाक मारली तर "हं". तू तिला उठवून बसवलंस, बादली आणलीस आणि तिचे केस धुतलेस. तिने डोकं तुझ्या हातात सोडून दिलं होतं, कलिंगडासारखं. केस पुसता पुसता तू म्हणालीस, "लोकांची लेकरं सांभाळायची म्हणून मी माझं लेकरू मोडू द्यायचं का?" मुंगीने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिथपासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही आणि मला विचारता, ती कशी आहे. मी काय टपालपेटी आहे?

पण तू येण्याच्या आधीची सकाळ तू पाहिली नाहीस. ती मी तुला कधी सांगितली नाही. आज सांगते, कारण आज सांगण्यासारखी झाली.

त्या सकाळी ती रात्रपाळी संपवून हॉस्टेलवर न जाता थेट माझ्याकडे आली. अंगावर गणवेश. दाराशी माझं ठेंगणं स्टूल असतं ना, त्यावर बसली आणि बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली. मी आत जाऊन चहा टाकून आले, तरी तशीच. म्हटलं, मुंगे, बूट नवे घेतलेस की काय, इतकं काय बघतेस? म्हणाली, "आजी, सुटत नाहीये." साधी गाठ होती, थोरले. एक टोक ओढलं की सुटणारी. मी खाली बसले आणि ओढलं.

मग तिने सांगितलं. तिच्या देखरेखीखालच्या एक पेशंट बाई पहाटे वारल्या होत्या. मुंगीनेच त्यांचे डोळे मिटवले, मुंगीनेच कॉटवरची चादर बदलली. आणि उजाडल्यावर ताप बघायच्या वेळेला ती सवयीने थर्मामीटर घेऊन त्याच कॉटशी गेली. हात पुढे करून रिकाम्या कॉटशी उभी राहिली. "मला रडू यायला हवं होतं ना, आजी? काहीच आलं नाही. हल्ली कुणी कण्हलं तर मला नुसता आवाज ऐकू येतो. नळ गळतो तसा."

तिच्याकडे माणसं कमी, पाळीवर पाळी चढवलेली, डबा उभ्याने खायचा, तोही राहिला तर राहिला. ते आपल्याला ठाऊक होतं. पण ते नळाचं ऐकलं आणि आत चहा उतू गेला तरी मी उठले नाही. माझी मुंगी, जी लहानपणी पाय मोडलेल्या खुर्चीलाही पट्टी बांधायची.

असो. मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलंय आणि खिडकीतून बाहेर बघताहेत. बाई, लिहा, पुढे चांगलं आहे.

तिच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर आहेत, तिथल्या सगळ्यांच्या वरच्या. त्यांचा आवाज असा की बंद पडलेलं घड्याळ घाबरून चालू व्हावं. त्यांनी मुंगीला रजा दिली आणि नुसती रजा देऊन थांबल्या नाहीत, तिला बोलायच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. मी म्हटलं, बोलायला डॉक्टर कशाला, मी काय मुकी आहे? मुंगी म्हणाली, "आजी, तू ऐकत नाहीस. तू उत्तरं देतेस." आता ह्यावर मी काय उत्तर देणार? दिलंच असतं, पण तेवढ्यात ती गेली.

त्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, ज्यात कुणाचंही काही काम नाही असं तू काय करतेस? मुंगीला आठवेना. आठवडाभर विचार करत होती, परीक्षेला बसल्यासारखी. मग एके दिवशी भांडी पुसताना म्हणाली, "मी पोहायचे." म्हटलं, मग पोह. पाणी काय आटलंय? आता ती सार्वजनिक तलावावर जाते. फार हातपाय मारत नाही म्हणे. उताणी पडून राहते. कान पाण्यात असतात, त्यामुळे कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. परत येते तेव्हा बोटांना सुरकुत्या पडलेल्या असतात, माझ्यासारख्या. आम्ही दोघी हात शेजारी ठेवून बघतो.

मग ती कामावर परत गेली. आधी थोडे दिवस, फक्त सकाळपाळी, मग रीतसर. हॉस्टेल सोडून माझ्याकडेच राहायला आली. हे तुला माहीत आहे. पण घरी आली तरी येत नव्हती, हे माहीत नाही. वाटीत सूप, हातात चमचा, आणि नजर भिंतीवर. मी विचारलं, काय दिसतंय तिथे? तर म्हणे, "त्या कोपऱ्यातल्या बाईंचं सलाइन मी सांगितलं ना पुढच्या सिस्टरला? सांगितलं. सांगितलं का?"

मी विचारलं, म्हणजे काय सांगता तुम्ही? तेव्हा तिने मला समजावलं. पाळी संपली की एकेका कॉटशी थांबून आपल्या माणसांची हकीकत पुढच्या सिस्टरला सांगायची. हिला काय झालं, काय दिलं, कशावर लक्ष ठेवायचं. त्याला त्यांच्यात ओव्हर देणं म्हणतात. समोरची ऐकते आणि ओव्हर घेते. एकदा तिने घेतला की माणसं तिची. आपण घरी जायचं.

म्हटलं, मग तू अर्धाच देत असशील. उरलेला मला दे.

हसली. किती दिवसांनी हसली ते मी मोजलं नाही, पण मांजर उठून बघायला आलं. मी म्हटलं, हसतेस काय? माझी झोप अशीही चिमणीएवढी. रात्रभर जागी असते तर फुकट कशाला जागू, कामावर असल्यासारखी जागते. म्हणाली, "आजी, नावं सांगता येत नाहीत. नियम आहे." म्हटलं, नावं घेऊन मी काय करू, मला कुठे लिहून ठेवायचीत?

तेव्हापासून आमचा रिवाज. ती येते, दारातल्या स्टुलावर बसते, बूट सोडते आणि ओव्हर देते. दाराजवळची ताई, रडते कमी, जेवते बरी. मधली काकू, औषध गालात लपवते, लक्ष ठेव. खिडकीजवळच्या बसवाल्या बाई, आजही नाही. मी प्रत्येकीला "घेतली" म्हणते. सगळ्या झाल्या की म्हणते, "घेतले सगळे, आता जेव." मग ती आत येते आणि बसून जेवते. भिंतीकडे न बघता. सकाळी ती निघाली की मी परत देते. सगळ्या ठीक, मधल्या काकूने रात्रभर त्रास दिला. ती म्हणते, "तुला कसं कळलं?" म्हटलं, बायका ओळखू येतात.

ह्या बसवाल्या बाईंचं सांगायला हवं. ह्या खरंच बस चालवायच्या, मोठी, लाल दिव्यांची. वारा गेला अंगावरून. अर्धं अंग आणि घसा, दोन्ही बसलं. गिळता येईना. साधं पाणी दिलं तरी वाट चुकून छातीत जाणार, म्हणून नाकातून नळी. गिळायचं शिकवणाऱ्या तज्ज्ञ बाई येऊन दाखवून गेल्या, आणि रोजचा सराव मुंगीच्या हाती आला. घट्ट केलेलं पाणी, चमच्याच्या टोकावर. रोज संध्याकाळी मी विचारायची, बसवाली? ती म्हणायची, "ठसका लागला. आजही नाही." मी म्हणायची, घेतली. आणि खरं सांगू का, मी नुसतं म्हणत नव्हते. मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्यासाठी गिळत होते. कोरडंच.

आता जरा बस. पाणी पी.

झालं असं की मागच्या आठवड्यात एके दिवशी मुंगी वेळेवर आली नाही. मी दारात. स्टूल रिकामं. ऊन उतरलं तरी पत्ता नाही. मनात म्हटलं, झालं, बसवाल्या बाईंचं काहीतरी झालं आणि पोर पुन्हा रिकाम्या कॉटशी उभी आहे. मी चप्पल घातली, काठी घेतली, आणि बस पकडून इस्पितळात गेले. ओव्हर स्वतः आणायला.

मुंगीने सकाळी सांगितलं होतं म्हणे, की कामावरून परस्पर पोहायला जाणार आहे, उशीर होईल. मी विसरले. मास्तरीणबाई, हे वाक्य बारीक अक्षरात लिहा.

वॉर्डाच्या दारात एक पिवळी पाटी उभी केलेली होती, तंबूसारखी दुमडलेली. तिच्यावर काहीतरी लिहिलेलं, आणि एक माणूस काढलेला, एक पाय वर, हात पसरलेले. मला वाटलं, नाचतोय. म्हटलं, इस्पितळ सुधारलं, करमणूकसुद्धा ठेवायला लागले. पाटी बेताच्या उंचीची होती, तेव्हा पिशवी तिला अडकवली, तिच्यावर हात टेकला आणि पाय पुढे टाकला. मग मीपण नाचले.

तर थोरले, आता तुझ्या लक्षात आलं असेल, मी कुठे आहे आणि मांजर शिंपीणबाईंकडे का जेवतंय. नवी शेजारीण म्हणजे शेजारच्या कॉटवरची. मास्तरीणबाईंचा डावा हात गळ्यात आहे, माझा डावा पाय प्लास्टरमध्ये. दोघींचं मिळून एक धडधाकट माणूस होतं, ते तुला पत्र लिहितंय.

उठू नकोस. पिशवी खाली ठेव. नडगीचं हाड चिरलंय, तुटलेलं नाही. प्लास्टर घातलंय, डॉक्टर खूश आहेत. इतके खूश की शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं, ह्या वयात असं हाड बघा. मी म्हटलं, बघा बघा, फक्त हात धुऊन बघा.

मीच सगळ्यांना बजावलं होतं, थोरलीला कळवायचं नाही. तुझा राग मला दिसतोय, पण ऐक. मला पायाची भीती नव्हती. भीती मुंगीची होती. जमिनीवर पडल्या पडल्या माझ्या मनात एकच आलं. आता ही माझ्या कॉटशी थर्मामीटर घेऊन उभी राहील. तिला पुन्हा काहीच वाटलं नाही तर? किंवा सगळं एकदम वाटलं तर? तू तिला ज्या धाग्याने ओढत होतीस तो धागा मीच आणखी पीळ देऊन तुझ्या हातात दिला असता. तू आली असतीस, एका हाताला मला धरलं असतंस, दुसऱ्या हाताला तिला, आणि दोघींना चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवलं असतंस.

निरोप गेला आणि मला अजून उचललंही नव्हतं, तोच ती शेजारच्या तलावावरून धावत आली. केस ओले, अंगाला क्लोरिनचा वास. माझ्याशेजारी उकिडवी बसली. पाय बघितला, बोटं हलवून घेतली, माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "आजी, त्या पाटीवर काय लिहिलंय, माहीत आहे?"

"मला कसं माहीत असणार?"

"फरशी ओली आहे, असं लिहिलंय."

"ते फरशीने सांगितलं मला."

मग तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचं पोट हलायला लागलं. हसत होती की रडत होती, मला खालून दिसेना. मी विचारलं नाही. काहीतरी होत होतं, ते पुरे.

हे काही मोठं इस्पितळ नाही. बायकांचा वॉर्ड एकच, म्हणून मला त्याच वॉर्डात कॉट मिळाली. पण मोठ्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं. "आजी, तुमची नात तुमच्या कॉटला हात लावणार नाही. तुमचं दुसरी सिस्टर बघेल. आणि तुम्ही तिला हाक मारायची नाही." मी म्हटलं, पाणी हवं असलं तर? म्हणाल्या, "घंटी आहे." मग कळलं, नियम माझ्यासाठी नव्हता, तिच्यासाठी होता. शहाणी बाई.

त्यामुळे मी काय करते, पडल्या पडल्या बघते. इतके महिने मी ओव्हर घेतला, पण माल कधी पाहिला नव्हता. आता दाराजवळची ताई दिसली, मधली काकू दिसली. काकूने पहिल्याच दिवशी औषध गालात लपवलं. मी घंटी वाजवली. आता ती माझ्याशी बोलत नाही.

आणि मुंगी दिसली. थोरले, तू तिला काम करताना कधी पाहिलं आहेस का? मीही नव्हतं पाहिलं. आपण दोघींनी तिला फक्त काम करून आलेली पाहिली. गिरणीतून आलेलं पीठ बघून गिरणीला शिव्या घालाव्यात, तसं आपलं झालं. ती चालते कशी, माहीत आहे? वाऱ्यासारखी नाही. सावकाश. आणि दुपारच्या आधी मोठ्या सिस्टर टाळी वाजवतात तेव्हा ती आतल्या खोलीत जाते, बसते आणि डबा खाते. दार उघडं ठेवते. मला दिसावं म्हणून ठेवते, हे ती कबूल करणार नाही.

आता आजचं.

आज सकाळी ती बसवाल्या बाईंकडे गेली. रोजच्यासारखं ठेंगणं स्टूल ओढलं, उशी मानेमागे सारली, त्यांची हनुवटी दोन बोटांनी खाली आणली. वाटीत ते घट्ट पाणी. चमच्याच्या टोकाला थेंबभर. मी कोपरावर उठून बसले. मास्तरीणबाई वर्तमानपत्र वाचत होत्या, त्यांनी ते खाली घेतलं. मुंगी हळू आवाजात म्हणते, "घाई नाही. वळण आहे. गिअर टाका, सावकाश घ्या." बाईंनी डोळे मिटले. गळ्याशी काहीतरी हललं, थांबलं. मधल्या काकूने माझ्याशी अबोला सोडून मला ढोसलं. मी म्हटलं, गप्प.

आणि गेलं. गळ्याचा तो कंठमणी वर गेला आणि खाली आला. ठसका नाही. मुंगी हलली नाही. वाट बघितली. "आ करा." तोंड रिकामं. "परत?" बाईंनी डोळ्यांनीच हो म्हटलं. परत गेलं.

आणि मी काय पाहिलं, सांगते. दुसऱ्या घोटाला मुंगीचा हात तिच्या स्वतःच्या गळ्याशी गेलेला होता. तिला कळलंसुद्धा नाही. घोट बाईंच्या घशातून जात होता आणि ही आपल्या गळ्यावर हात ठेवून तो उतरताना बघत होती. जिला कण्हणं नळासारखं ऐकू यायचं, तिला, थोरले, दुसऱ्याचं गिळणं स्वतःच्या घशात जाणवलं.

मग बसवाल्या बाईंनी बरा असलेला हात उचलला आणि शेजारच्या टेबलावर तळव्याने दाबला. जोरात, दोनदा. आम्हाला कळेना. मुंगीला कळलं. हॉर्न. अख्खा वॉर्ड हसला. दाराजवळची ताईसुद्धा, जिचे टाके ओले आहेत, ती पोट धरून "हसवू नका" म्हणत हसली. मोठ्या सिस्टर धावत आल्या, काय गोंधळ आहे म्हणून, आणि कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला साध्या बाईसारखा वाटला.

पण अजून संपलं नाही. माझ्यासाठी खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

दुपारी पाळी बदलली. पुढची सिस्टर आली आणि मुंगीने कॉटमागून कॉट ओव्हर दिला. माझी कॉट तिची नाही, पण माझी सिस्टर आज लवकर गेली होती, म्हणून मोठ्या सिस्टरच्या परवानगीने माझाही तिनेच दिला. माझ्या पायाशी उभी राहून, मी ऐकत असताना, असं: "ही आजी. डावी नडगी, प्लास्टर कोरडं, बोटं गरम. जेवण ठीक, पण मीठ कमी म्हणून तक्रार. शेजारच्या कॉटांवर पाळत ठेवते. पडण्याचं कारण, उत्साह." पुढची सिस्टर म्हणाली, "घेतली."

एवढी वर्षं मी सगळ्यांना घेत आले. मला कुणी घेतलं, हे आजच ऐकलं. बरं वाटतं गं.

आणि मग आपली मुंगी काय करते? घड्याळ बघते, पिशवी उचलते, आणि मला म्हणते, "आजी, मी पोहायला जाते. उद्या येते." आणि गेली. पाय मोडलेल्या सख्ख्या आजीला टाकून, मागे वळून न बघता, पोहायला. मला इतका आनंद झाला की मी घंटी वाजवली. सिस्टर धावत आली, काय हवंय आजी? म्हटलं, काही नको, नात गेली.

त्या बिचारीने डोकं तपासायला डॉक्टर बोलावला.

जाण्याआधी मुंगीने तुझ्यासाठी दोन निरोप सांगितले. तिने मला धमकीच दिली आहे, "आजी, आज तू आईला कळवलं नाहीस तर मी कळवीन." निरोप तिच्याच शब्दांत देते. "आईला सांग, आत्याच्या दुकानात मी येणार नाही. गिळायला शिकवतात ना, ते मला रीतसर शिकायचंय. त्या तज्ज्ञ बाईंच्या हाताखाली जागा आहे. मी मोठ्या सिस्टरना हो सांगितलंय." हा पहिला. आणि दुसरा, "पुन्हा कधी नाडी सुटली नाही तर मी लपवणार नाही. आधी आईलाच सांगेन."

थोरले, ती पुन्हा थकणार नाही असं मी म्हणत नाही. थकेल. माणसं कमीच आहेत, काम तेवढंच आहे. तू घाबरलीस ते चुकीचं नव्हतं, तू केस धुतले नसतेस तर ती उठलीच नसती. पण तू तिला वाचवायला बाहेर पडायचं दार दाखवलंस, आणि तिला दार नको होतं, खुर्ची हवी होती. बसून खायला. ती तिला मिळाली आहे. आता तिला जिथे काही वाटतं, तिथे राहू दे.

तेव्हा नणंदबाईंना सांग, मुलगी मिळणार नाही, माझ्यासाठी चष्मा असेल तर बघा. निदान पाटीवरचा माणूस नाचतोय की पडतोय, एवढं तरी दिसावं.

आणि तू ये. मला न्यायला नाही, मी इथे मजेत आहे. सकाळच्या पाळीला ये, वॉर्डाच्या दाराशी उभी राहा, आणि काही बोलायच्या आधी थोडा वेळ नुसती बघ. फरशी ओली असली तर बाजूने ये. तुला वाचता येतं. पाळी संपली की तिचे केस धुऊन दे. तलावाच्या पाण्याने त्यांचा खराटा झालाय, माझ्याच्याने वाकवत नाही, आणि तुझ्याशिवाय ती कुणाच्या हातात डोकं सोडत नाही.

मास्तरीणबाईंचा हात दुखायला लागला. त्या म्हणताहेत, शेवटी काय लिहू, आपली नम्र? मी म्हटलं, नम्र लिहिलंत तर लेक ओळखणार नाही.

तुला आज ओव्हर देणारी,
तुझी आई

ता. क. येताना सफरचंदं शिजवून आण, तू करतेस तशी. सालं काढून, बिया काढून, चाळणीतून गाळून, एकही गाठ न ठेवता. बसवाल्या बाईंना आता चमचाभर मऊ चालेल, त्यांचं बिनसाखरेचं. ते तज्ज्ञ बाईंना दाखवूनच द्यायचं. मास्तरीणबाईंचं गोड. मुंगीचं सगळ्यांत मोठ्या बरणीत, आणि त्यात चमचा ठेव, म्हणजे बसावंच लागेल. बरण्या तुझ्याकडेच आहेत, झाकणं तू मागच्या वेळी माझ्याकडे विसरून गेलीस, तेव्हा वरून फडकं बांध आणि बरण्या उभ्या धरून ये.